सर्वमापी

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आजही कुठे आला, की मला आधी भूक लागते आणि मागोमाग धाक वाटतो. केडगावच्या त्या घरात सकाळ उजेडाने होत नसे. त्या वासाने होत असे. खालच्या पडवीत घरमालक आपली मापे पुसायला बसत आणि तो पातळ, गोडसर, किंचित धातूचा वास जिन्याच्या कठड्याला धरून पायरी पायरी वर येई. त्याच्यामागून घरमालकीण काकूंच्या चहातले आले येई. दोन्ही वास माझ्या दाराशी येऊन थांबले की मी उठत असे. 'किंचित धातूचा' हे शब्द मी आज निर्धास्तपणे लिहिते आहे, कारण घरमालक आता नाहीत. असते, तर चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलेच असते, "किंचित म्हणजे किती, बाई?"

ते वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले होते. मी नगरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत असे आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत असे. सगळी कॉलनी त्यांना 'साहेब' म्हणे. काकूही म्हणत, मात्र काकूंच्या तोंडी तो शब्द आला की त्यावर थोडे लिंबू पिळलेले असे. नोकरीत असताना जिल्ह्यातल्या एकूण एक आठवडे बाजारांतल्या तराजूंना म्हणे त्यांच्या स्कूटरचा आवाज ओळखू येई. खोटे वजन त्यांनी आयुष्यात एकदाही सोडले नाही, हे त्यांचे शत्रूही मान्य करीत, आणि शत्रुत्वाचे कारण म्हणूनही तेच सांगत.

निवृत्तीनंतर माणसे त्यांच्या लक्षात नावाने राहिली नव्हती, तुटीने राहिली होती. लग्नाच्या मांडवात कुणी वाकून नमस्कार केला, तर आशीर्वाद देऊन झाल्यावर ते माझ्या कानाशी झुकत आणि त्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "हा किलोमागे चाळीस ग्रॅम." एका प्रतिष्ठित किराणा व्यापाऱ्याच्या अंत्ययात्रेहून परतल्यावर, आंघोळ उरकून, त्यांनी मनापासून हळहळ व्यक्त केली. तीही अशी: "गेला बिचारा. पारड्याखाली चिंच चिकटवायचा."

इतर लोक सदऱ्याच्या खिशाला पेन लावतात. साहेब जाडी मोजायचे व्हर्निअर लावीत. सोनाराने अंगठी दाखवली, सुताराने फळी दाखवली, पाहुण्यांनी मुलगी दाखवली, तरी त्यांचा हात आधी त्या खिशाकडे जाई. काकूंच्या पोळीची जाडी ते अधूनमधून घेत. घेऊन काही बोलत नसत, फक्त मान हलवीत. आणि त्या दिवशी काकू त्यांना दुसरी पोळी वाढायला विसरत. काकूंचा सारा स्वयंपाक अंदाजपंचे चाले आणि त्यात कधी काही चुकत नसे. त्या घरातला खरा घटस्फोट हाच होता. तो फक्त कागदावर आलेला नव्हता.

'साधारण', 'जवळपास', 'बहुतेक' आणि 'असेल' हे शब्द त्यांच्या उंबऱ्याच्या आत निषिद्ध होते. दूधवाला 'येतोच जरा वेळात' म्हणाला तर त्याला फाटकातच उभे करून 'जरा'चा खुलासा मागितला जाई. माझ्या कवितांचे एक किरकोळ पुस्तक निघाले, तेव्हा मी भाबडेपणाने त्यांना एक प्रत दिली. ती त्यांनी वाचली, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे; कॉलनीत दुसऱ्या कुणी वाचली नव्हती. परत देताना त्यांनी एकाच ओळीवर बोट ठेवले. "'ओंजळभर अंधार' असं लिहिलंय तुम्ही. ओंजळ माणसागणिक बदलते. कुणाची ते तरी लिहायचं." मी हसले. पण त्यानंतर ती ओळ कुठेही वाचायला उभी राहिले, की श्रोत्यांचे हात दिसू लागत, लहानमोठे, आणि अंधार सांडून जाई.

त्यांची दुसरी हौस नावे ठेवण्याची होती, अगदी शब्दशः. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक नाव आहे, ते आपल्याला ठाऊक आहे, आणि ते इतरांना ठाऊक नसणे हा एक प्रकारचा अस्वच्छपणा आहे, अशी त्यांची धारणा होती. काळ्या शाईने, टाकाच्या वळणदार अक्षरात ते लेबले लिहीत, पट्टीने कापत, आणि ज्या वस्तूवर लावायचे तिची लांबीरुंदी घेऊन बरोबर मध्यावर चिकटवीत. डब्यांवर लेबले होती हे समजण्यासारखे आहे. पण स्टुलावर 'स्टूल' होते, तुळशीच्या कुंडीवर 'तुळस' होते, आणि जिन्याखालच्या कोपऱ्यात ठेवलेल्या एका रिकाम्या खोक्यावर 'रिकामे' असे होते. शहराचे नाव बदलले तेव्हा शहर आपले पूर्वीसारखेच स्वतःला 'नगर' म्हणत राहिले. पण साहेबांनी आठवडाभर फाटकावरच्या पाटीशी झटापट केली. नव्या नावाला जुन्या पाटीत जागा पुरेना, आणि अक्षरे दाटीने बसवणे म्हणजे त्यांच्या मते मापात पाप. शेवटी त्यांनी फाटक रुंद करून घेतले.

नाव विचारले आणि त्यांनी सांगितले नाही, असे कधी झाले नाही. ते बरोबर असे की नाही, हा प्रश्न वेगळा. शेजारच्यांच्या परसात एक झाड आपोआप उगवले होते. साहेबांनी पान चुरगाळून हुंगले आणि चंदन म्हणून जाहीर केले, लेबलही लावले. ते शेजारी पुढे कित्येक महिने परसात खाट टाकून चोरांची वाट पाहत होते. चोर आले नाहीत. मग एकदा वादळात झाड पडले आणि त्याचे लाकूड चुलवणात घातले, तेव्हा साऱ्या गल्लीत भिजलेल्या गोणपाटाचा वास सुटला. साहेब त्या धुरात उभे राहून म्हणाले, की हे चंदन बिघडलेले आहे.

त्यांचे एक वाक्य काकूंना आणि मला पाठ होते: "'माहीत नाही' हे उत्तर नव्हे. ती रजा आहे." आणि रजा त्यांनी नोकरीतही घेतलेली नव्हती.

अशा या गृहस्थांकडे माझी आत्या एका दुपारी एक पेटी घेऊन आली.

आत्या शेवगावला असते. तिच्या यजमानांना आम्ही भावंडे मामाच म्हणत असू. बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे पत्र्याचे शेड होते. आत एक लेथ मशीन, एक ड्रिल, आणि कायम काळी असलेली जमीन. रसवंतीच्या चरकाचे दातेरी चाक तुटले, की पंचक्रोशीतले लोक त्यांच्याकडे येत. पण अखेरच्या वर्षांत मामांनी कामे घेणे हळूहळू सोडले. दुपारी जेवून ते शेडमध्ये जात, आतून कडी लावत आणि दिवस कलेपर्यंत बाहेर येत नसत. लेथचा आवाज नाही, हातोडीचा नाही. आत्या दाराला कान लावून विचारी, काय करताय? आतून एकच शब्द येई, मोजतोय. काय मोजताय, याला उत्तर नसे. बाजाराने त्यांना 'येडा मिस्त्री' हे नाव देऊन टाकले. बाजार नावे ठेवण्यात साहेबांइतकाच तत्पर असतो, आणि लेबल मध्यावर आहे की नाही हे पाहत नाही.

एका हिवाळ्यात मामा गेले. शेजारच्या टाइल्सवाल्याला गोदामासाठी शेड हवे होते. ते रिकामे करताना लेथच्या मागच्या फळीवर ही पेटी सापडली.

आत्याने ती धुतलेल्या पंच्यात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन आणली होती. पडवीतल्या सतरंजीवर तिने गाठ सोडली. झिजलेल्या सागाची पेटी, आत निळ्या मखमलीचे अस्तर. जुन्या मखमलीला येतो तो कापूर आणि उंदीर यांच्या मधला वास. आणि खाचेत ते निजलेले होते. काटकोनात जोडलेल्या दोन पोलादी पट्ट्या. दोन्हींवर मुंगीच्या पायांसारख्या बारीक रेषा. दोन्हींवर सरकणारी एकेक कडी आणि तिला बोटाने फिरवायचा स्क्रू. खाली दोन जबडे, आणि त्यांच्या मधोमध वरून उतरणारी एक पातळ जीभ. मला ते एखाद्या बोलायला निघून थबकलेल्या तोंडासारखे दिसले. हे मी अर्थातच मोठ्याने बोलले नाही.

आत्याला खुर्ची दिली तरी ती खालीच बसली. शेड टाइल्सवाल्याला द्यायचे की नाही, ते अजून ठरत नाही, लोक विचारतात, असे काहीबाही ती बोलत राहिली. मग एकाएकी पदर सावरून तिने साहेबांकडे सरळ पाहिले.

"सायेब, ह्याचं नाव न्हाई सापडलं तरी चालंल. ह्यांनी इतकी वरसं दार लावून काय केलं, तेवढं मला कळू द्या. गाव येडं म्हनायचं. येक दिवस म्याबी म्हनले, चारचौघांत. त्या दिसापास्नं त्ये माझ्याशी धड बोललेच न्हाईत, अन् मंग गेलेच. येडं हुते का न्हाई, तेवढंच सांगा."

काकूंनी तिच्यापुढे चहा ठेवला. साहेबांनी खिशातून व्हर्निअर काढले, त्या अनोळखी यंत्राकडे पाहिले, आणि जन्मात पहिल्यांदा एखादी वस्तू न मोजता व्हर्निअर परत खिशात ठेवले. पेटी ठेवून जा, म्हणाले. आठवड्यात सांगतो.

तो आठवडा त्या घराने कसा काढला, ते काकूच जाणोत. मी मदत म्हणून फोनवर फोटो काढून शोध घेतला. फोनने आधी अडकित्ता सांगितला, मग केस कुरळे करायचे यंत्र. साहेबांना इतके प्रसन्न मी क्वचितच पाहिले होते. "तुमच्या फोनला 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटते," ते म्हणाले, आणि या वाक्यात त्यांना स्वतःला काहीही ऐकू आले नाही.

सोमवारी ते यंत्र घड्याळजीचे होते. मंगळवारी दंतवैद्याचे, सत्याच्या त्यातल्या त्यात जवळचा मुक्काम हाच होता. बुधवारी ते टांकसाळीतून चोरीला गेलेले होते. साहेबांनी त्याच्या जबड्यात अंडे धरून पाहिले, काकूंची अंगठी धरून पाहिली, तुळशीचे पान धरून पाहिले, आणि एका दुपारी जिन्यावरून उतरताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, की आरशासमोर उभे राहून त्यांनी त्यात स्वतःचे नाक धरले आहे. दोन्ही पट्ट्यांवर दोन आकडे येत, आणि दोन्ही आकडे बरोबर असत. कशाचे, तेवढे मात्र कळत नसे. यंत्राने कशाचे माप घ्यायचे ते कळेना, म्हणून त्यांनी यंत्राचेच माप घेतले. कोरे लेबल पट्टीने कापून, शाईच्या दौतीशेजारी पडून होते. सकाळचा तेलाचा वास बंद झाला. घर एकाएकी आंधळे झाल्यासारखे वाटू लागले.

काकूंनी एकदाच तोंड उघडले. "माहीत नाही म्हणा, आणि जेवायला या." साहेब जेवायला आले नाहीत.

आणि मग एका सकाळी वास आला. असा दरवळत आला की आल्याला पुढे यायला जागाच राहिली नाही. त्याच्या पाठोपाठ साहेब स्वतः जिना चढून आले. ते वर कधी येत नसत. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा.

"बाई, उलगडलं. जिल्ह्यातलं एकूण एक माप माझ्या हाताखालून गेलंय. मी ओळखत नाही असं माप नाही. हे मी ओळखत नाही. म्हणजे हे आजवर नव्हतंच." त्यांनी खिशातले व्हर्निअर सरळ केले. "हे तुमच्या मामांनी निर्माण केलंय."

मी तर्कशास्त्र फारसे शिकलेली नाही, पण त्या युक्तिवादाचे सौंदर्य मला आजही स्तिमित करते. भिंतीला कुठे तडा नाही, कोन सगळे काटकोन. फक्त खाली जमीन नाही. यंत्राचे नाव त्यांनी 'सर्वमापी' ठेवले होते. ते नेमके काय मोजते ते सापडले नव्हते, तेव्हा ते सगळेच मोजते, हे ओघानेच आले.

मी आत्याला फोन केला. सगळे सांगितले. मग पलीकडून चपलांचा आवाज, फोन हातातच असावा, कारण वारा आला, रस्ता आला, एक टेम्पो गेला. आणि मग लोखंडी कडी सरकल्याचा, गंजलेला, लांबलचक आवाज. ती शेडमध्ये जाऊन उभी राहिली होती.

पुढचे सगळे भराभर झाले. साहेबांनी एका स्थानिक वृत्तपत्राला स्वहस्ताक्षरात बातमी पाठवली आणि ती छापून आली. आत्याने टाइल्सवाल्याला शेड द्यायला नकार दिला. आणि टाइल्सवाला, जो मामांना त्यांच्या तोंडावर 'येडे' म्हणत असे, तो आता समारंभाच्या मांडवाचा खर्च उचलायला पुढे आला. शेडच्या दारावर संगमरवरी पाटी बसवायचे ठरले: 'सर्वमापी यंत्राचे जनक'. अनावरणाला प्रमुख पाहुणे साहेब. आत्या मला फोनवर सांगत असे, की बाजारात बायका थांबून बोलतात. की हार्डवेअरवाल्याने स्टूल दिले बसायला. तिच्या आवाजातली जुनी वाकलेली कड सरळ होत चालली होती. मी ते ऐकत असे, वाकलेले लोखंड तापून सरळ होताना ऐकावे तसे.

समारंभाच्या आधी पेटी शेवगावला पोचवायचे काम माझ्याकडे आले. साहेबांनी ती वर आणून दिली. यंत्राच्या पाठीवर लेबल लागले होते: 'सर्वमापी', वळणदार, काळेभोर. मी पेटी मिटायला गेले आणि काहीतरी डोळ्यांत खुपले. यमक चुकलेली ओळ आधी कानाला खुपते आणि मग अर्थ कळतो, तसे. लेबल मध्यावर नव्हते. ते एका टोकाला, कडेला सरकून, तिरके लागलेले होते.

ज्या माणसाने रिकाम्या खोक्यावर 'रिकामे' हा शब्द लांबीरुंदी घेऊन मध्यावर लावला, त्याच्या हातून हे होणे शक्य नव्हते. मी नखाने एक कोपरा उचलला. खाली, पोलादात कोरलेली, बारीक इंग्रजी अक्षरे होती: एका परदेशी कारखान्याचे नाव आणि एक क्रमांक. ती अक्षरे फोनमध्ये टाकल्यावर फोनला आता अडकित्ता आठवला नाही. तेच यंत्र, त्याच दोन पट्ट्या, तीच जीभ. दातेरी चाकाचा एकेक दाता किती जाड उरला आहे ते मोजायचे व्हर्निअर. जिभेने दात्याची उंची धरायची, जबड्यांनी जाडी. जगात अशी पुष्कळ होती आणि अजूनही मिळत होती. मामांनी ते कुठून तरी, कुणाकडून तरी मिळवलेले असणार, आणि बंद दाराआड बसून ते झिजलेल्या चाकांचे दाते मोजत असणार. का, ते अजूनही कळत नव्हते. हत्याराचे नाव सापडले होते. माणूस होता तिथेच, कडी लावून, आत बसलेला होता.

कोपरा पुन्हा दाबून बसवला आणि मी पेटी घेऊन खाली गेले. साहेब पडवीत समारंभाच्या कोटाच्या बाह्या मोजत होते. दोन्ही सारख्या आहेत की नाहीत, हा प्रश्न होता.

"साहेब, लेबल वाकडं लागलंय."

त्यांनी वर पाहिले नाही. "जागा तेवढीच होती."

"खाली अक्षरं आहेत."

"असतील," ते म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. आतल्या खोलीत काकूंच्या हातातले भांडे वाजायचे थांबले. मी सगळे सांगितले: की ते दातेरी चाकांचे दाते मोजायचे व्हर्निअर आहे, कारखान्यात तयार होते. साहेबांनी ते पूर्ण ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "दातेमापी. अर्थातच. मी मंगळवारीच म्हणालो होतो."

मला हसू आले नाही. मी विचारले, की मग आत्याला हे कोण सांगणार? तेव्हा त्यांनी कोट खाली ठेवला. "तुमच्या आत्या माझ्याकडे यंत्राचं नाव विचारायला आल्या नव्हत्या, बाई. तुम्ही तिथंच बसला होता."

मी त्यांना पुरेशी ओळखत होते. दया हा जिन्नस त्यांच्या तराजूत मी कधी पाहिला नव्हता, आणि तो ठेवायचे पारडे तरी त्यांच्याकडे होते का, याची मला शंका आहे. छापून आलेली बातमी, संगमरवर, कोट. या सगळ्यांच्या वजनाने ते वाक्य त्यांच्या तोंडून निघाले नसेलच, असे म्हणवत नाही. पण ते खोटेही नव्हते. मी पेटी उचलली, आणि तेवढ्यात त्यांनी विचारले, की व्यासपीठावर त्यांची खुर्ची मधोमध असेल ना. आणि दयेचा प्रश्न तिथल्या तिथे निकालात निघाला.

जिन्याशी काकू उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. "खोटं बोलता येतं होय यांना," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग इतक्या वर्षांत माझ्या आमटीला एकदा तरी 'छान झाली' म्हणायचं होतं."

शेवगावात त्या सकाळी ऊन कोरडे आणि स्वच्छ होते. मांडवाखाली झेंडूचा उग्र वास, त्यात शेडमधून येणारा जुन्या लोखंडाचा. आत्याने लेथ पुसून त्याला हळदीकुंकू लावले होते. मी तिला गाठून बोलायचे ठरवून आले होते. पण ती सारखी कुणाच्या ना कुणाच्या घेऱ्यात होती, आणि ज्यांनी तिला वर्षानुवर्षे चुकवले त्या बायका आज तिच्या पदराची घडी नीट करीत होत्या. तिने मला मात्र हाताला धरून आपल्याशेजारी बसवले. कोन काय बोलतंय ते तू नीट ऐक, म्हणाली, मला भाषनातलं कळत न्हाई. यंत्र तिने पेटीतून काढून मांडीवर घेतले होते.

टाइल्सवाल्याने प्रास्ताविक केले आणि मामांचा उल्लेख 'आमचे मार्गदर्शक' असा केला. मग साहेब उठले. माइकपासून तोंडाचे अंतर त्यांनी वितीने घेतले, एक पाऊल मागे सरकले, आणि बोलू लागले. त्यांनी वजनमापांचा इतिहास सांगितला. त्यात त्यांचा स्वतःचा इतिहास बराच मोठा होता. शेवटी त्यांनी हात उंचावला. "मी आयुष्यात खोट्या मापावर कधी शिक्का मारलेला नाही. आज मी या यंत्रावर माझा शिक्का मारतो." टाळ्या झाल्या. पलीकडच्या रांगेत काकू मान खाली घालून पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

टाळ्या चालू असतानाच माझे लक्ष आत्याच्या हाताकडे गेले. तिचा अंगठा लेबलवरून फिरत होता. आधी सहज, मग सावकाश. मग एकाच जागी. धान्यातला खडा न पाहता वेचणारी ती बोटे आहेत. कागदाखालचे खळगे तिला लागले होते. ती एकेका अक्षरावर थांबत होती, पुढे सरकत होती, परत मागे येत होती. इंग्रजी तिला वाचता येत नाही. पण मामांनी लोखंडावर कधी काही कोरले नव्हते, आणि कोरले असते तर ते कुणी कागदाने झाकले नसते, एवढे कळायला इंग्रजी लागत नाही. लेबलचा सैल कोपरा तिच्या नखाखाली आला. तिने तो उचलला नाही.

व्यासपीठावरून तिचे नाव पुकारले गेले. पाटीवरचा पडदा, दोरीचे टोक आणि साहेबांचा पुढे केलेला हात तिची वाट पाहत होते. सगळ्या माना वळल्या. आत्या उठली नाही. ती माझ्याकडे वळली, इतकी जवळ, की नव्या लुगड्याची खळ आणि तिच्या कपाळावरची हळद मला वेगवेगळी हुंगता आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. दार लावून बसलेल्या माणसाला बाहेरून विचारावे, तसे तिने मला विचारले:

"खरं?"